अकरा पिनांचा अंबाडा

सकाळचे पावणेसहा. तोंडात तीन यू-पिना, डाव्या मनगटावर दोन काळे रबर, उजव्या हातात शेपटीवाला कंगवा आणि समोर पाठमोरी बसलेली, अर्धवट झोपेत डुलणारी नऊ वर्षांची एक मुलगी. नाही, मी हेअर ड्रेसर नाही. लोअर परळच्या एका ऑफिसात मी इन्शुरन्सचे क्लेम तपासतो. खरा क्लेम कुठला, खोटा कुठला, हे शोधायचे मला पैसे मिळतात. पण मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पावणेसहा ते सहा-दहा या वेळात मी अंबाडे घालतो. साधे नाहीत, वेणीचे!

मध्यंतरी ऑफिसच्या गेटवर मेटल डिटेक्टर कोकलला. सिक्युरिटीवाल्याने खिसा रिकामा करायला लावला. चार यू-पिना, एक जाळी आणि एक जांभळा टिकटॅक बाहेर आला. मागे रांगेत आमच्या डिपार्टमेंटची अख्खी गँग उभी. तेव्हापासून कुणाच्या घरी लग्न असलं की पहिला फोन मला येतो, आणि फोनवर नुसतं हसतात. असो.

हे सगळं सुरू झालं गेल्या जूनमध्ये. बायकोला हैदराबादचा प्रोजेक्ट मिळाला, सहा महिन्यांचा. चांगली संधी होती, तिने कमावलेली होती. 'जा तू बिनधास्त, मी बघतो सगळं,' असं मी फार स्टाइलमध्ये म्हणून टाकलं. ज्या नवऱ्यांनी हे वाक्य कधी टाकलंय त्यांना कळेल, बोलताना 'सगळं' म्हणजे नक्की काय याचा डोक्यात पत्ता नसतो. जाताना तिने फ्रिजवर यादी चिकटवली. दूधवाल्याचा नंबर, स्कूल बसच्या काकांचा नंबर, डब्यातून काय संपतं आणि काय परत येतं. सगळ्यात खाली पेन्सिलीने एक ओळ होती, 'केस - आईंना विचार'.

आई म्हणजे माझी आई. आमच्याकडेच असते. एकेकाळी चाळीतल्या सगळ्या मुलींच्या वेण्या आमच्या दारात बसून घातल्या जायच्या, सागरवेणीपासून पाचपेडीपर्यंत. पण आता तिच्या बोटांचे सांधे धरतात. पोळ्या कशाबशा लाटते, वेणी ओढून घट्ट करणं जमत नाही. आणि आमच्या लेकीला वेणी घट्टच लागते, कारण ती मल्लखांब करते. दोरीचा.

ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरून एक बोटभर जाडीचा सुती दोर लोंबतो. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो पकडून पोरी सरसर वर जातात आणि मग तोच दोर कमरेला, मांडीला, पोटरीला असा काही लपेटून घेतात की दोन्ही हात सोडून हवेत आसनं करता येतात. पद्मासन म्हणू नका, शवासन म्हणू नका. गंमत म्हणजे दोराला एकही गाठ मारायची नाही. नुसता लपेटा आणि अंगाचं वजन, यावर सगळा कारभार. पूर्वी हे वेतावर चालायचं. चांगला वेत मिळेनासा झाला तसा दोर आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ज्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं, त्यांना अंबाड्याचा प्रश्न पडला नसणार. तेव्हा फार तर शेंडी आवरायची!

आमच्याकडे मात्र कमरेपर्यंत केस. आणि दोर कमरेभोवती फिरतो, काखेतून जातो, कधी मानेमागून. मोकळी वेणी त्यात सापडली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून व्यायामशाळेच्या ताईंचा नियम कडक. केस वर, वेणीचा अंबाडा, टाळूच्या जरा मागे. मानेवर नको, कारण तिथून दोर जातो. डोक्याच्या बरोबर मागेही नको, कारण कोलांटी मारताना टोचतो. क्लचर नाही, मोठे चाप नाहीत.

पहिल्याच मंगळवारी मी जे बनवलं त्याला आईने 'सुगरणीचा खोपा' असं नाव ठेवलं. आपल्याकडे अंबाड्यालाही खोपा म्हणतात आणि सुगरणीच्या घरट्यालाही, पण आईला त्या दिवशी दुसरा अर्थच अभिप्रेत होता. व्यायामशाळेत पोचेपर्यंत खोपा डाव्या कानावर आला. ताईंनी लेकीला बाकावर बसवून स्वतः परत घातला आणि मला म्हणाल्या, "बाबा, व्हॉट्सअॅपवर मीटिंग नंतर करा. आधी हे शिका."

मी लेकीसमोर सोपा मार्ग ठेवून पाहिला. कापून टाकूया का? मस्त बॉयकट, उन्हाळ्यात थंड, शाम्पूची बचत. ती काही बोलली नाही. नुसती वेणीचा शेंडा पुढे घेऊन बोटांनी चाचपत बसली. रात्री व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, "अरे, आमचं दोघींचं ठरलंय, माझ्याएवढे वाढवायचे. मी येईपर्यंत थांब ना." विषय संपला.

मग आईने मला शिकवायला घेतलं. खिडकीच्या गजाला तीन नाड्या बांधल्या, एक पांढरी, एक लाल, एक परकराची हिरवी. टीव्हीवर बातम्या लावून मी रोज रात्री नाड्यांची वेणी घालायचो. आई खुर्चीतून फक्त एक शब्द म्हणायची, "ओढ." मग थोड्या वेळाने, "एवढं नको ओढू, पोरीचं डोकं आहे ते."

यूट्यूबवर व्हिडिओ हजारो आहेत, पण त्यातल्या मुली हलत नाहीत. माझी हलते. शिंकते. मध्येच 'बाबा, पालीला किती बोटं असतात' विचारून मान गर्रकन वळवते. त्यामुळे शिकलो ते आईकडून आणि चुका करून. ज्यांच्या घरी कथक, भरतनाट्यम, जिम्नॅस्टिक्स किंवा गॅदरिंग आहे त्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगतो. केस आदल्या दिवशी धुतलेले हवेत. सकाळी धुतले की सुळसुळीत होतात आणि पिन धरतच नाहीत. तळहातावर खोबरेल तेलाचे चार थेंब पुरे. गुंता शेंड्याकडून सोडवत वर जायचं. मुळापासून कंगवा ओढलात तर केस तुटतो आणि शेजारी जागे होतात. पोनी बांधताना तिला छताकडे बघायला सांगायचं. मान खाली असताना बांधलेली पोनी, मान सरळ झाली की मागून ढिली पडते, आणि हे मला कळायला तीन आठवडे लागले. मग पोनीचे तीन पेड करून वेणी, शेवटापर्यंत. नुसते केस पिळून घातलेला अंबाडा उड्यांमध्ये उलगडतो. वेणीचे पेड एकमेकांना धरून ठेवतात, त्या दोरासारखेच. ती वेणी पोनीच्या बुडाशी चपटी गुंडाळत न्यायची आणि शेंडा खाली दडपायचा. पिन सरळ खुपसायची नाही. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आणि डोक्यावरचे थोडे असे दोन्ही पकडायचे, पिन उलटी फिरवायची आणि मधोमध सारायची. बरोबर बसली की हाताला कळतं. वरून जाळी. माझ्या लेकीच्या केसांना अकरा पिना लागतात. दहा घातल्या तर हलतो, बारावीला जागा नाही.

आणि घट्ट म्हणजे भुवया वर जातील इतका घट्ट नाही. डोकं ठणकलं, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, तर ओढ जास्त झाली समजायचं. रोज असं ओढत राहिलं तर कडेचे केस विरळ होतात. म्हणून घरी आल्याबरोबर अंबाडा सोडायचा आणि शाळेत साधी सैल वेणी.

ऑगस्टपर्यंत माझा हात बसला. पंचवीस मिनिटांचं काम अठरावर आलं. ताईंनी एकदा अंबाडा हलवून बघितला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून हे म्हणजे मेडलच! मी रात्री बायकोला फोटो पाठवला, पुढून, मागून, बाजूने. तिने अंगठा पाठवला. नंतर बऱ्याच वेळाने लिहिलं, 'छान झालाय रे'.

आणि नेमका तेव्हापासून अंबाडा सुटायला लागला.

एका गुरुवारी ताईंचा मेसेज आला, 'आज केस सुटले, त्यामुळे वरचं राहिलं.' शनिवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. वरचं म्हणजे दोराच्या टोकाशी जाऊन कमरेला लपेटा घ्यायचा, हात सोडायचे आणि गिरक्या घेत एकदम खाली येऊन गादीच्या वर थांबायचं. पोरींनी त्याला आपसात 'धपकन' असं नाव ठेवलंय.

मी हे फारच मनावर घेतलं. कामाची सवय, दुसरं काय! रबर बदलले. जेल बदललं. संध्याकाळी ट्रेनमधून दादरला उतरून रानडे रोडवर जाळ्या धुंडाळल्या. दुकानदाराने विचारलं, "मॅडमसाठी का?" मी म्हटलं, "नाही, मलाच लागतात." त्याने डोळा न मिचकावता तीन साइज समोर ठेवले. मुंबईचं हे मला आवडतं. एका एक्सेल शीटवर मी तारीख, पिना, जेल, सुटल्याची वेळ हेही लिहून ठेवलं. हसू नका. त्या शीटवरूनच लक्षात आलं की अंबाडा कधीही सुटत नाही, धपकनच्या आधीच सुटतो. सूर्यनमस्कारात नाही, कोलांट्यांत नाही, पद्मासनात उलटं लटकताना नाही. एरवी ऑफिसात असा पॅटर्न दिसला असता तर मी फाइलवर लाल शेरा मारला असता. इथे मात्र माझा संशय जाळीवर!

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. सोडून परत यायच्या ऐवजी मी व्यायामशाळेत मागच्या खांबाशी थांबलो. मुलींची रांग दोराखाली होती. लेकीच्या पुढे दोघी उरल्या. मग एक. तेवढ्यात तिचा हात मागे गेला, अगदी सवयीने गेल्यासारखा. एक पिन काढली, मुठीत घेतली. दुसरी काढली. तिसरी. मान दोनदा झटकली आणि माझा अठरा मिनिटांचा अंबाडा तिच्या खांद्यावर आला. ती ताईंकडे गेली. तिथून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, 'ताई, केस सुटले.'

खरं सांगू? पहिल्यांदा राग आला. जाळ्या, जेल, पहाटेचा गजर, सगळं आठवलं. मग तिच्याकडे पाहिलं. बाकावर बसून ती त्या तीन पिना एकीत एक अडकवत होती आणि दोराकडे अजिबात बघत नव्हती. मी तिला न दिसता बाहेर आलो आणि कोपऱ्यावर दोन कटिंग प्यायलो. घरी परतताना तिला काहीच बोललो नाही. ऑफिसात समोरच्याचा क्लेम खोटा आहे हे कळल्यावर काय करायचं ते मला पाठ आहे. इथे काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

मंगळवारी पहाटे नेहमीसारखे बसलो. ती पाटावर, मी मागे स्टुलावर. गुंता काढत होतो. समोरासमोर काही विचारलं की आमची लेक 'काही नाही' म्हणते आणि उठून जाते. पण केस हातात असताना जाणार कुठे? आणि तिला माझा चेहरा दिसत नव्हता, मला तिचा.

"धपकन कसं करतात गं?" मी विचारलं.

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "दोर घासतो."

"कुठे?"

तिने फ्रॉक वर करून मांडी दाखवली. जुना, बोटभर लांबीचा काळपट डाग. जुलैमधला. लपेटा नीट बसला नव्हता, ती घसरली, गादीच्या वर थांबायचं तिथे थांबलीच नाही. लागलं फारसं नव्हतं. पण खाली येताना, म्हणाली, "पोटात काहीच नव्हतं बाबा." मी पेड धरून तसाच थांबलो.

"आईला सांगितलं नाहीस?"

"ती मग रोज फोन करेल. आणि नोकरी सोडून येईल."

"मला?"

"तू संध्याकाळी विचारतोस, झालं का? मी म्हणते, झालं. मग तू लॅपटॉप उघडतोस."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पालीला चार पायांना मिळून वीस बोटं असतात, हे सांगावं तसं सांगितलं. माझ्या हातातला मधला पेड सुटला. पुन्हा पहिल्यापासून वेणी घ्यावी लागली आणि त्या दिवशी आम्हाला उशीर झाला.

निघताना मी हळूच म्हटलं, "आज अंबाडा सैल घालू का? मग पिना काढायला नकोत." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मला कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "नको. सैल असला तर ताई तुला ओरडतील."

ताईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. म्हणजे मी सुरुवात केली आणि ती पुढचं बोलली. मला वाटलं होतं आता लेक्चर होईल, धीट व्हा वगैरे. ताईंनी फक्त मांडीवरचा डाग पाहिला, लपेटा कुठे चुकला ते दोर हातात घेऊन दाखवलं आणि दुसरी गादी ओढून आणली. "तू अर्ध्यातून कर. मी धरते. अर्ध्यातून कंटाळा आला की वर जा." मग लेकीला, "आणि भीती वाटली तर भीती वाटते म्हण. केसांचं नाव घेऊ नकोस, बाबांनी कष्टाने बांधलेत." मी उगाच बुटांच्या लेस बांधायला लागलो.

डिसेंबरात स्पर्धा होती, दहा वर्षांखालचा गट. बायको चार दिवसांची रजा काढून आली. स्पर्धेच्या सकाळी मी चहा टाकत होतो. आत बायकोने कंगवा घेतला, पाट मांडला, "ये गं." आणि लेक अगदी सहज म्हणून गेली, "बाबा घालतो ना. तुझा सुटेल."

मला आधी काय वाटलं ते लपवत नाही. भारी वाटलं. गेटवर हसणारी सगळी गँग तिथे असायला हवी होती असं वाटलं. मग बायकोकडे बघितलं. ती हसली, कंगवा माझ्या हातात दिला आणि डबा धुवायला निघून गेली. डबा रात्रीच धुतलेला होता. आई खुर्चीतून सगळं बघत होती. तिने मला नुसतं डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खुणावलं.

"अगं, पिना कोण देणार?" मी ओरडलो. "माझ्या तोंडात मावत नाहीत एवढ्या." खोटं होतं ते, चांगल्या मावतात. बायको आली, शेजारी जमिनीवर बसली आणि एकेक पिन देत गेली. सातवी देताना म्हणाली, "ही जरा खालून घाल, तिथला केस बारीक आहे तिचा." मी ऐकलं. तिथलाच अंबाडा नेहमी उचकटायचा, ते मला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं.

स्पर्धेत लेकीने धपकन अर्ध्या उंचीवरून केलं. त्याचे गुण गेले आणि नंबर आला नाही. पण दोराखाली उभी असताना तिचा हात एकदा मागे गेला, अंबाड्यापर्यंत. बायकोने माझं मनगट धरलं, कारण तिला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. लेकीने अंबाडा फक्त चाचपला आणि दोर पकडला.

घरी आल्यावर ती दमून पाटावरच बसली. आता बायको मागे स्टुलावर होती. जाळी निघाली, मग एकेक पिन वाटीत पडायला लागली. वेणी मोकळी झाली आणि दिवसभर आवळलेले केस कुरळे होऊन पाठभर पसरले. बायको बोटांच्या टोकांनी तेल चोळत होती. "आई, हैदराबादला तू एकटी जेवायचीस का?" लेकीने समोर भिंतीकडे बघत विचारलं. मी वाटीतल्या पिना मोजल्या, अकरा होत्या. वाटी उचलून हॉलमध्ये आलो आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.